अस्वल (कोल्हापूर जिल्हा)

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात, राधानगरी-दाजीपूरपासून आजरा-चंदगडपर्यंतच्या जंगलांत आढळणारा सस्तन प्राणी. काळ्या झिपऱ्या केसांचे, छातीवर पांढुरका पट्टा असलेले हे भारतीय अस्वल. हिमालयातील तपकिरी अस्वल वेगळे. ते उंचावरच्या गवताळ उतारांवर राहते आणि हिवाळा गुहेत झोपून काढते. सह्याद्रीत बारा महिने पोटाची सोय होत असल्याने इथले अस्वल तसे झोपत नाही.

ही सोय मुख्यतः वाळवी आणि मुंग्यांची. वारूळ नखांनी फोडायचे, फुंकरीने माती उडवायची आणि ओठांचा चंबू करून वाळवी ओढून घ्यायची, ही त्याची रीत. त्यासाठी वरचे मधले दोन दात नसतात आणि नाकपुड्या मिटता येतात. वाळवी ओढण्याचा हा आवाज शांत रानात शंभरेक मीटरवर ऐकू येतो. मोहोळासाठी ते झाडावर चढते. उन्हाळ्यात मात्र फळांवर भर: करवंदे, उंबरे, बहाव्याच्या शेंगा आणि पावसाच्या तोंडावर जांभळे. त्या दिवसांत पायवाटेवरची त्याची विष्ठा काडीने उकलली तर आत बियाच बिया दिसतात. फळझाडांचे बी रानभर पसरवण्याचे हे काम सहसा कुणी मोजत नाही.

राधानगरी अभयारण्य (१९५८) गव्यासाठी प्रसिद्ध असल्याने अस्वल झाकोळले जाते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून होणाऱ्या गणनेत ते दिसले तर नोंदले जाते; पण ही दिसल्याची नोंद, एकूण संख्या नव्हे. वाघासारखे पट्टे नसल्याने छायाचित्रांवरून एकेक अस्वल ओळखणेही अवघड. जगात ही अस्वले २० हजारांहून कमी असावीत, असा अंदाज आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) पहिल्या अनुसूचीत त्यांना स्थान आहे. तरीही कागदावरच्या संरक्षणापेक्षा डोंगरउतारावरची वारुळे, कपारी आणि करवंदीच्या जाळ्या शाबूत राहणे अधिक महत्त्वाचे. उतार सपाट केला की तिन्ही एकदम जातात.

अस्वलाची नजर अधू, नाक तीक्ष्ण. वारूळ उकरण्यात गुंग असताना माणूस अचानक जवळ आला की ते बिथरून अंगावर येते, आणि पाठीवर पिल्ले घेतलेली मादी तर हमखास. म्हणून करवंदीच्या जाळीत शिरण्याआधी मोठ्याने बोलावे, खाकरावे आणि त्याला वाट मोकळी ठेवावी.