यवतमाळची लेखणी आणि सरकारचा शब्द

तालुक्याचा वार्ताहर शासनाचा माहिती अधिकारी झाला की घरी पेढे येतात आणि जुने सोबती त्याच्यासमोर जरा जपून बोलू लागतात. त्यांच्या जपून बोलण्याला विदर्भात शंभर वर्षांची पार्श्वभूमी आहे.

वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे टिळकांचे अनुयायी. वकिली सांभाळून त्यांनी १९१८ साली यवतमाळातून 'लोकमत' साप्ताहिक काढलं. १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रह केला, तुरुंगात गेले. तेच अणे १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, म्हणजे थेट इंग्रज सरकारात जाऊन बसले! पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींचं आगाखान पॅलेसमधलं उपोषण सुरू असताना होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासोबत त्यांनी राजीनामा दिला. मला अण्यांच्या आयुष्यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. सरकारात गेले, पण उठून येण्याची वाट त्यांनी मोकळी ठेवली होती. 'लोकमत'ला १९५२ मध्ये पुन्हा उभं करणारे जवाहरलाल दर्डाही पुढे राज्यात मंत्री झाले.

हे दोघे स्वतःच्या नावावर सत्तेत गेले. पगारी प्रवक्त्याचं तसं नसतं, त्याला दुसऱ्याचा शब्द बोलावा लागतो. दिल्लीत कुलदीप नय्यर यांनी लालबहादूर शास्त्रींसाठी ते काम केलं, नंतर ते पत्रकारितेत परतले आणि आणीबाणीत तुरुंगातही गेले.

आपल्याकडे या कामाची खरी कसोटी लागली ती २००६ नंतर. त्या वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. तेव्हा त्यांचे माध्यम सल्लागार होते संजय बारू, त्याआधी 'फायनान्शिअल एक्स्प्रेस'चे संपादक. पण ज्याचा भार जिल्ह्यातल्या माणसावर पडला, तो शब्द वेगळाच होता. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत द्यायची की नाही, हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते आणि प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' होतं. बिनपरवाना सावकाराचं कर्ज कुठल्याच कागदावर नसतं, म्हणून तिथे घर बुडालं तरी शेरा 'अपात्र'.

वार्ताहर म्हणून ज्याने त्या घरी जाऊन 'कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला' असं लिहिलं, त्यालाच अधिकारी झाल्यावर 'इतकी प्रकरणे अपात्र' असं प्रसिद्धीपत्रक काढावं लागतं. त्याने नोकरी धरली याचा मला राग नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावालाच मिळतं, बाकी मदार जाहिरातीच्या कमिशनवर. लेकरांच्या फिया त्यात भागत नाहीत. पण त्या घराचा उंबरा पाहिलेल्या माणसाने आकड्यासोबत अपात्रतेचं कारणही छापून आणण्यासाठी भांडावं, असं मला मनापासून वाटतं. अर्ज कोणत्या अटीवर अडला हे कळलं, तर मागे राहिलेल्या बाईला पुन्हा तहसीलला जाताना कोणता कागद सोबत न्यायचा ते तरी समजेल.