ओन्सेन ऱ्योकान

ओन्सेन ऱ्योकान : जपानमधील गरम पाण्याच्या नैसर्गिक झऱ्यावर चालणारे पारंपरिक अतिथिगृह. ‘ओन्सेन’ म्हणजे गरम झरा, कोकणात ज्याला ‘उन्हाळे’ म्हणतात तो. आणि ‘ऱ्योकान’ म्हणजे प्रवाशाचे घर. हॉटेलात आपण खोलीचे पैसे मोजतो, इथे एका रात्रीच्या दिनक्रमाचे. किती वाजता यायचे, अंगावर काय घालायचे, पानात काय पडणार, गादी कधी घातली जाणार हे सगळे घराने आधीच ठरवून ठेवलेले असते. पाहुण्याने फक्त त्यात स्वतःला सोडून द्यायचे. हे ज्याला जमते त्याला ती रात्र स्वर्गीय वाटते. ज्याला जमत नाही तो दुसऱ्या दिवशी सकाळी कुरकुरत बाहेर पडतो.

जपानच्या १९४८ सालच्या ओन्सेन कायद्याप्रमाणे उगमाशी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असलेले, अथवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी पुरेशा प्रमाणात असलेले भूगर्भातील पाणी ‘ओन्सेन’ ठरते. २५ अंश म्हणजे काही कढत पाणी नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणीसुद्धा ही परीक्षा सहज पास होईल. जमिनीत दर शंभर मीटरला तापमान साधारण तीन अंशांनी वाढते, त्यामुळे हजार-दीड हजार मीटर खोल बोअर मारली की ज्वालामुखीचा मागमूस नसलेल्या शहरातही ओन्सेन लागते, आणि मोठ्या शहरांतली काही हॉटेले याच जोरावर तशी पाटी लावतात. देशभरात उगमांची संख्या २७ हजारांच्या आसपास आहे आणि मुक्कामाची सोय असलेली ओन्सेन-गावे तीन हजारांच्या जवळपास.

पाण्यापाण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. गुन्मा प्रांतातल्या कुसात्सूचे पाणी इतके आम्लधर्मी आहे की त्यात टाकलेला लोखंडी खिळा काही दिवसांत झिजून बारीक होतो. कोबे शहराजवळच्या आरिमा येथे दोन पाणी आहेत : लोह आणि मिठाने भरलेले, हवेशी संबंध येताच तांबूस-पिवळे होणारे ‘किन्सेन’ म्हणजे सुवर्णजल, आणि रंगहीन ‘गिन्सेन’ म्हणजे रजतजल. आरिमाच्या आसपास जागृत ज्वालामुखी नाही. समुद्रतळाचा जो भूपट्ट जपानखाली घुसतो आहे, त्याच्याबरोबर खोल गेलेले पाणी इथे वर येते असे भूवैज्ञानिक मानतात. गंधकाच्या झऱ्यांत उतरण्यापूर्वी चांदीचे दागिने काढून ठेवावेत. जोडवी आणि पैंजण पाहता पाहता काळे पडतात.

या व्यवसायाचे वय थक्क करणारे आहे. यामानाशी प्रांतातले केइउनकान हे अतिथिगृह इ. स. ७०५ मध्ये सुरू झाल्याचे सांगितले जाते. जगातील सर्वांत जुने हॉटेल म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. इशिकावा प्रांतातील आवाझू येथील होशी हे ७१८ सालचे. पूर्वी लोक इथे एका रात्रीसाठी येत नसत. ‘तोजी’ म्हणजे झऱ्यावरचा औषधी मुक्काम सात दिवसांच्या आवर्तनांनी, बहुधा तीन आठवडे चाले. शेतकरी सुगीनंतर तांदूळ-भांडी बरोबर घेऊन येत आणि हाताने रांधून खात. ईशान्य जपानात असे मुक्काम अजून थोडेफार टिकून आहेत. एदो काळातल्या (सतरावे ते एकोणिसावे शतक) हमरस्त्यांवर ‘हातागो’ नावाची, जेवण देणारी मुक्कामाची घरे होती. आजचे ऱ्योकान म्हणजे हा वाटसरूंचा मुक्काम आणि ती आजाऱ्यांची वारी यांचे लग्न होय.

पाहुण्याचा दिवस दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतो. ‘गेन्कान’ या प्रवेशाच्या ओट्याशी जोडे काढायचे. ते कोणीतरी उचलून ठेवते आणि सपाता पुढे करते. तातामीच्या चटईवर मात्र सपातासुद्धा चालत नाहीत, आणि शौचालयात वेगळ्याच सपाता असतात. त्या पायात तशाच ठेवून दिवाणखान्यात येणे ही परदेशी पाहुण्याची ठरलेली फजिती. खोलीत पलंग नसतो. एक बुटके मेज, बिनपायाच्या पाठीच्या खुर्च्या आणि ‘तोकोनोमा’ हा चित्र व फुले मांडण्याचा कोनाडा. त्या कोनाड्याला सामान ठेवायची जागा समजून बॅग टेकवली की वाढणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावरचे हसू किंचित थिजते. या बाई म्हणजे ‘नाकाइ-सान’. त्या गुडघ्यांवर बसून चहा आणि एक गोड पदार्थ देतात. रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरून चक्कर येऊ नये म्हणून हा गोड घास, असे तिथे सांगतात. घराची मालकीण-व्यवस्थापिका ‘ओकामी’. ऱ्योकानची अब्रू तिच्यावर तोललेली असते, आणि हे पद बहुधा सासूकडून सुनेकडे जाते.

मग ‘युकाता’ हा सुती झगा. डावा पदर उजव्यावर घ्यायचा. उलटा घेतला तर कोणीतरी हळूच येऊन नीट करून जाईल, कारण उजवा पदर वर येतो तो प्रेताच्या अंगावर. एकदा युकाता चढवला की त्याच वेषात जेवण, त्यातच झोप आणि ओन्सेनच्या गावात तर त्यातच फिरणे. बँकेचा संचालक आणि त्याचा ड्रायव्हर एकाच कापडात वावरतात, हे या घराचे मोठे सुख आहे.

स्नानगृहाच्या दारावर ‘नोरेन’ हा कापडी पडदा असतो, पुरुषांसाठी बहुधा निळा आणि बायकांसाठी लाल. पुष्कळ ठिकाणी रात्रीतून पडद्यांची अदलाबदल होते, म्हणजे दोन्हीकडच्या पाहुण्यांना दोन्ही स्नानगृहे मिळतात. सकाळी झोपेच्या तारेत कालच्याच दारात शिरू नये, ते यासाठी. आत कपडे टोपलीत ठेवून पूर्ण विवस्त्र व्हायचे. पोहण्याचा पोशाख चालत नाही. भिंतीशी बुटक्या नळांची रांग, प्रत्येकापुढे टीचभर उंचीचे स्टूल आणि एक लहान बादली. तिथे बसून साबण लावून अंग घासायचे, डोके धुवायचे, फेसाचा थेंबही उरणार नाही असे पाणी ओतायचे आणि स्टूल धुऊन जागेवर ठेवायचे. पाटावर बसून तांब्याने अंघोळ केलेल्या मराठी माणसाला ही बैठक परकी वाटू नये. स्वच्छ झाल्यावर मगच कुंडात उतरायचे, कारण कुंड अंग धुण्यासाठी नाही. पाणी ४० ते ४२ अंशांचे. हातातला छोटा पंचा पाण्याला लागू द्यायचा नाही. त्याची घडी डोक्यावर ठेवून माणसे गळ्यापर्यंत बुडून गप्प बसतात. उघड्या आभाळाखालच्या कुंडाला ‘रोतेनबुरो’ म्हणतात. हिवाळ्यात तिथे केसांवर बर्फ साठतो आणि खाली अंग उकडते. फार वेळ बसले तर ‘यु-आतारी’, म्हणजे पाण्याची बाधा होते : डोके जड, अंग गळालेले. बाहेर येताच बाटलीतले गार दूध एका दमात पिण्याची प्रथा आहे, आणि ते एक हात कमरेवर ठेवून प्यावे असा अलिखित दंडक.

स्त्री-पुरुषांची एकत्र कुंडेही काही जुन्या ठिकाणी आहेत. आओमोरी प्रांतातल्या सुकायूचे ‘सहस्र-जन कुंड’ प्रसिद्ध आहे. तिथले पाणी दुधी असल्याने आडोसा आपोआप मिळतो. अशा कुंडात तासन्‌तास दबा धरून बसणाऱ्या पुरुषांना जपानीत ‘वानी’, म्हणजे मगर म्हणतात. यापेक्षा नेमका शब्द सापडणे कठीण. लाज वाटणाऱ्यांसाठी तासावर भाड्याने मिळणारी खाजगी कुंडे आणि खोलीलगतचे स्वतंत्र कुंड असे दोन मार्ग आहेत. दुसरा अर्थातच महाग.

सहाच्या सुमारास जेवण येते. ‘काइसेकी’ पद्धतीच्या या जेवणात ऋतूप्रमाणे डझनभर छोटी पाने असतात : कच्चा मासा, वाफवलेले, तळलेले, आंबवलेले, शेवटी भात आणि ‘मिसो’ या आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे सार. समोर प्रत्येकाची स्वतंत्र इवलीशी चूल. तिच्यात मेणासारख्या घन इंधनाची एक वडी. नाकाइ-सान ती पेटवते आणि निघून जाते. निळसर ज्योत भांड्याखाली वीसेक मिनिटे तेवते आणि वडी संपून विझते, त्या घटकेला आतले मांस किंवा भात बरोबर शिजलेला असतो. घड्याळ नाही, ढवळणे नाही, कोणी येऊन विचारणे नाही. या घराचा स्वभाव त्या वडीत जितका दिसतो तितका दुसऱ्या कशात नाही. जेवून खोलीत परतावे तर मेज सरकवलेले आणि ‘फुतोन’ म्हणजे गाद्या घातलेल्या. जपानी पाहुणा पुन्हा एकदा कुंडात जाऊन येतो, पहाटे आणखी एकदा. दहाला खोली सोडायची. गाडी वळणाआड जाईपर्यंत ओकामी आणि नोकरमंडळी दारात उभी राहून हात हलवत असतात.

गावागणिक तऱ्हा निराळी. ह्योगो प्रांतातले किनोसाकी सारे गावच एक ऱ्योकान समजते : स्टेशन हे दार, रस्ते हे बोळ, अतिथिगृहे या खोल्या आणि सात सार्वजनिक स्नानगृहे ही न्हाणीघरे. संध्याकाळी युकातातली माणसे लाकडी खडावा खडखडवत एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातात. कुमामोतोच्या कुरोकावा गावात लाकडी चकतीचा पास घेतला की तीन निरनिराळ्या ऱ्योकानांच्या उघड्या कुंडांत उतरता येते. कुसात्सूत झऱ्याचे पाणी इतके गरम की ते पातळ न करता निववण्यासाठी बायका लांब फळ्यांनी ते घुसळतात आणि त्या तालावर गातात. मात्सुयामाचे दोगो होन्कान हे १८९४ चे तीनमजली लाकडी स्नानगृह. तिथे राहता येत नाही, पण सकाळी सहाला त्याच्या माडीवरचा नगारा वाजतो आणि भोवतालच्या ऱ्योकानांतले पाहुणे जागे होतात. २०१९ पासून चाललेली त्याची डागडुजी संपून २०२४ च्या जुलैत ते पूर्ण उघडले.

पाहुण्यांच्या तक्रारींकडे पाहिले तर त्यांतल्या बऱ्याच घराच्या ठरलेल्या क्रमाला अडखळून झालेल्या दिसतात. दर माणशी असतो, खोलीमागे नव्हे. त्यात दोन जेवणे धरलेली असतात आणि वर स्नानकर, साधारण १५० येन, वेगळा. एकट्या प्रवाशाला पूर्वी अनेक ठिकाणी नकार मिळे. शाकाहाऱ्याची अडचण खरी आहे. पानातले मांस-मासे वगळता येतात, पण सारात, भाजीत, अंड्यातसुद्धा ‘दाशी’ हे चवीचे मूळ पाणी असते, आणि ते बहुधा कात्सुओ या कुप्याच्या जातीच्या माशाच्या किसाचे. आयत्या वेळी सांगून उपयोग नाही, कारण स्वयंपाक आदल्या दिवसापासून आखलेला असतो. आरक्षणाच्या वेळीच कळवावे लागते. महाराष्ट्रातून जाणाऱ्या जैन व शाकाहारी मंडळींनी हे ध्यानात ठेवलेले बरे. अंगावरील गोंदण ही दुसरी अडचण. गोंदण म्हणजे गुंड टोळीचा माणूस हे समीकरण तिथे रुजलेले आहे. २०१३ मध्ये होक्काइदो येथे एका माओरी स्त्रीला हनुवटीवरच्या पारंपरिक गोंदणामुळे स्नानगृहात प्रवेश नाकारला गेला आणि जगभर चर्चा झाली. आता छोटे गोंदण चिकटपट्टीने झाकले तर चालवून घेणारी ठिकाणे वाढली आहेत.

काही तक्रारी मात्र क्रमाच्या नव्हेत, अन्यायाच्या आहेत. ओतारू शहरातल्या एका ओन्सेन स्नानगृहाने ‘फक्त जपानी’ अशी पाटी लावली होती. २००२ मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने त्याला वांशिक भेदभाव ठरवून तीन फिर्यादींना प्रत्येकी दहा लाख येन भरपाई दिली. त्यांपैकी एक जण तर जपानचा नागरिकच होता. २००३ मध्ये कुमामोतोतल्या एका ओन्सेन हॉटेलने कुष्ठरोगातून बरे झालेल्या वृद्धांना मुक्काम नाकारला. पुढच्या वर्षी ते हॉटेल बंद पडले. कायद्याने ऱ्योकानला पाहुणा मनमानीने परत पाठवता येत नाही. उलट २०२३ च्या डिसेंबरपासून वारंवार अवास्तव मागण्या करून छळणाऱ्याला नकार देण्याची मुभा मात्र मिळाली आहे.

पाण्याच्या खरेपणाचा प्रश्न २००४ मध्ये पेटला. नागानो प्रांतातल्या दुधी पाण्यासाठी नावाजलेल्या एका गावात रंग टिकवण्यासाठी चक्क पावडर मिसळली जात असल्याचे उघड झाले आणि पाठोपाठ इतर गावांचीही नावे येऊ लागली. २००५ पासून बाहेरचे पाणी मिसळले का, तापवले का, गाळून फिरवले का, काही घातले का, हे स्नानगृहात लिहून लावणे सक्तीचे झाले. ती चौकट भिंतीवर कोपऱ्यात असते आणि जाणकार आधी ती वाचतात. उगमातून येऊन कुंडावरून वाहून जाणारे पाणी म्हणजे ‘गेन्सेन काकेनागाशी’. उच्चार चुकला तरी चालेल, पण पाटीवर हे शब्द असले तर पैसे वसूल समजावेत. तरीही २०२३ मध्ये फुकुओका प्रांतातले एक नामांकित ऱ्योकान कुंडाचे पाणी वर्षातून फक्त दोनदा बदलत असल्याचे निघाले. नियम आठवड्यातून किमान एकदाचा होता.

१९८० च्या सुमारास जपानमध्ये ऐंशी हजारांहून अधिक ऱ्योकान होती. २०१८ पर्यंत ती संख्या चाळीस हजारांच्या खाली आली. कंपन्यांच्या सहलींवर पोसलेली किनुगावासारखी गावे १९९० नंतरच्या मंदीत ओस पडली. तिथे नदीकाठी मोकळ्या खिडक्यांची मोठमोठी हॉटेले आजही उभी आहेत. २०२४ मध्ये परदेशी प्रवाशांचा आकडा तीन कोटी ६८ लाखांवर गेला, पण नाकाइ-सानचे काम करायला माणसे मिळत नाहीत. म्हणून कित्येक घरांनी खोलीत जेवण आणणे सोडले. मोठ्या ओन्सेन हॉटेलांत त्याजागी बुफे आला, ज्याला जपानी लोक ‘वायकिंग’ म्हणतात. काहींनी जेवण आणि मुक्काम वेगळे केले असून पाहुण्याने गावात हवे तिथे, हवे तेव्हा खावे अशी मुभा दिली आहे. अशा घरांत गादी पाहुणा येण्याआधीच घातलेली असते, किंवा कपाटातून काढून त्याची त्यालाच घालावी लागते.