मरीन पार्क म्हणजे नेमकं कुठलं?

क्रूझच्या सहलींच्या यादीत ‘मरीन पार्क’ असं दिसलं की लगेच पैसे भरू नका. आधी एक साधा प्रश्न विचारा: डॉल्फिन किती वाजता दिसणार?

‘अकराच्या खेळाला’ असं उत्तर आलं तर ते एक प्रकरण. ‘दिसला तर दिसला, समुद्र आहे शेवटी’ असं आलं तर ते दुसरंच. नाव मात्र दोघांनाही तेच, आणि फसगत होते ती नावामुळेच. एक जण प्रवाळ बघायला निघतो आणि स्टेडियमच्या बाकावर जाऊन बसतो. दुसरा मुलांना डॉल्फिन दाखवायला निघतो आणि भर समुद्रात, हलत्या बोटीवर, पोट आवरत बसतो.

पहिला प्रकार म्हणजे भिंतींच्या आतला. तिकीटखिडकी, काचेच्या टाक्या, ठरलेल्या वेळांचे खेळ. अमेरिकेतलं सीवर्ल्ड १९६४ साली सॅन दिएगोत सुरू झालं, आणि आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मरीन पार्क म्हटलं की तेच चित्र येतं. दुसरा प्रकार कायद्याने आखलेला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ मरीन पार्कचा कायदा १९७५ चा आणि क्षेत्रफळ सुमारे ३,४४,४०० चौरस किलोमीटर. त्याला ना फाटक, ना कुंपण. नकाशावर रंगांचे पट्टे आहेत. हिरव्या पट्ट्यात मासेमारीला बंदी, आणि २००४ पासून साधारण एक तृतीयांश भाग असा हिरवा आहे. या पार्कात तुम्ही शिरलात हे बोटवाल्याने सांगितल्याशिवाय कळणारही नाही.

इथवर फरक सोपा आहे. खरी गोची करतो तो मधला प्रकार: समुद्रालाच जाळी लावून तयार केलेलं डॉल्फिनचं खाजण. पाणी खारं, भरती-ओहोटी खरी, आजूबाजूला माडाची झाडं. फोटोत हे हुबेहूब मोकळ्या समुद्रासारखं दिसतं, आणि माहितीपत्रकात ‘नैसर्गिक वातावरण’ असं हमखास लिहिलेलं असतं. पण तरंगत्या फळ्यांच्या खाली वाकून पाहिलंत तर जाळी दिसेल. डॉल्फिन माणसांपाशी येतो, कारण शेजारी मासळीची बादली घेऊन प्रशिक्षक उभा असतो. आणि ते हसू? त्याच्या जबड्याची ठेवणच तशी. आजारी डॉल्फिनही तसाच ‘हसतो’.

दोन्ही प्रकार एकाच थांब्यावर बघायचे तर स्पेनचं तेनेरिफे बेट घ्या. जहाज सांता क्रूझला लागतं. बेटाच्या उत्तरेला, पुएर्तो दे ला क्रूझमध्ये, लोरो पार्के आहे. १९७२ साली हे पोपटांचं उद्यान म्हणून सुरू झालं, नावातला ‘लोरो’ म्हणजे पोपटच. ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, तिथे आले २००६ साली. बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मात्र पायलट व्हेल बारा महिने मोकळ्या समुद्रात राहतात. परवाना असलेल्या बोटींवर ‘बार्को आसुल’चा झेंडा असतो, आणि स्पेनच्या नियमानुसार या प्राण्यांच्या साठ मीटरच्या आत बोट न्यायची नाही. म्हणजे काळा पाठीपंख दिसेल, फुस्स करून सोडलेला श्वास ऐकू येईल, पण हात लावायला काही मिळणार नाही. ज्यांना हात लावायचाच आहे त्यांची इथे निराशा होते. झालेली बरी.

आता घड्याळाचं बघू, कारण क्रूझच्या थांब्यावर अर्धा निर्णय घड्याळच करतं. आठ तासांचा थांबा कागदावर आठ तासांचा असतो. जहाज धक्क्याला न लागता समुद्रात नांगर टाकून उभं राहिलं तर जहाजावरून किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या टेंडर बोटीच्या रांगेत वेळ जातो. परतीची वेळही जहाज सुटायच्या आधी अर्धा ते एक तास. उरलेल्या वेळातून जाण्यायेण्याचा प्रवास वजा करा. सांता क्रूझहून दक्षिण किनारा गाठायला उत्तरेच्या जवळपास दुप्पट अंतर जावं लागतं. भिंतींच्या आतला पार्क वेळेला पक्का असतो, वारा सुटला तरी अकराचा खेळ अकरालाच होतो. समुद्रातली सहल लाटांवर अवलंबून. सहल कंपन्या पहिला प्रकार पुढे रेटतात त्याचं एक कारण हेही असावं.

समुद्रातली सहल घ्यायची ठरलं तर ती जहाजाकडून घ्यायची की बाहेरून? बाहेर स्वस्त पडते आणि गर्दीही कमी असते. पण जहाजाने विकलेली सहल उशिरा परतली तर साधारणपणे जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवायची सोय करतं. बाहेरून घेतलीत तर धक्क्यावरून पांढरा ठिपका लांब जाताना बघायचा आणि पुढच्या बंदराचं तिकीट आपल्याच खिशातून काढायचं. लांबच्या सहलीला मी तरी जहाजाचीच घेईन.

मेक्सिकोतलं कोझुमेल बेट घड्याळाच्या बाबतीत फार शिकवतं. ते ज्या राज्यात येतं त्या किंताना रूने २०१५ साली घड्याळ बदललं आणि उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत, पाळणं सोडलं. फ्लोरिडात उन्हाळी वेळ चालू असते तेव्हा कोझुमेलचं घड्याळ तासभर मागे. जहाज फ्लोरिडाच्या वेळेवर चालत असेल आणि तुमच्या मोबाइलने गुपचूप स्थानिक वेळ धरली असेल, तर मोबाइलवर तीन वाजतात तेव्हा जहाजावर चार वाजून गेलेले असतात. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि दिवसभर त्याच्याकडेच बघा.

कोझुमेलचे प्रवाळखडक १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहेत. किनाऱ्यावरचं चांकानाब याच पट्ट्यातलं, आणि तिथे पायऱ्यांवरून प्रवाळात उतरता येतं. डॉल्फिनसोबत पोहण्याचे कार्यक्रमही तिथे वर्षानुवर्षं चालत आले. म्हणजे एकाच आवारात दोन्ही ‘मरीन पार्क’! २०२५ साली मेक्सिकोने सागरी सस्तन प्राण्यांच्या खेळांवर कायद्याने बंदी घातली, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका. पाण्यात उतरलात की प्रवाह तुम्हाला अलगद वाहून नेतो, हातपाय फारसे मारावेच लागत नाहीत. कान उघडे ठेवलेत तर कुरकुर ऐकू येते: पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत असतो. त्याच्या पोटातून जे बाहेर पडतं ती पांढरी वाळू. जिच्यावर आपण टॉवेल अंथरतो, तिचा काही भाग तीच.

नियमांपैकी सनस्क्रीनचा तेवढा लक्षात ठेवा. त्यातली काही रसायनं प्रवाळाला घातक मानली जातात. हवाईने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री २०२१ पासून बंद केली. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घाला, प्रश्न मिटला.

बंदिस्त पार्काबद्दल माझं मत लपवण्यात अर्थ नाही. ऑर्का मोकळ्या समुद्रात दिवसाला दीडशे किलोमीटरपर्यंतही जातो. त्याला पुरेल अशी टाकी कोणी बांधलेली नाही. तिलिकुम नावाच्या ऑर्काने २०१० साली ऑरलँडोच्या सीवर्ल्डमध्ये आपल्या प्रशिक्षिकेचा जीव घेतला. सीवर्ल्डने २०१६ मध्ये ऑर्कांचं प्रजनन थांबवलं. कॅनडाने २०१९ मध्ये व्हेल-डॉल्फिनना बंदिस्त ठेवण्याविरुद्ध कायदा केला, तर भारताने २०१३ मध्येच डॉल्फिनेरियमना परवानगी नाकारली. त्यामुळे डॉल्फिन-ऑर्काचे खेळ मी यादीतून सरळ खोडतो. निव्वळ मत्स्यालयाला मात्र ही फुली मारत नाही. लाटा चढल्या असतील, सोबत चार वर्षांचं मूल किंवा गुडघे दुखणारी आजी असेल, तर मासे, जेलीफिश आणि प्रवाळाच्या टाक्यांपुढे दोन तास मजेत जातात.

पोहता येत नाही म्हणून समुद्र वर्ज्य नाही. काचेच्या तळाची बोट बऱ्याच ठिकाणी असते. पण तिच्यात मान खाली घालून बसलं की मळमळतं, तेव्हा गोळी निघायच्या आधी घ्या, बोटीत चढल्यावर नाही. आणि थांबाच पाच तासांचा असेल, वर टेंडरने उतरायचं असेल, तर दोन्ही पार्क सोडा. धक्क्याच्या कडेला उभं राहून खाली बघा. पाणी नितळ असेल तर पट्ट्यापट्ट्यांचे मासे खांबांभोवती घिरट्या घालताना तिथेच दिसतील.