गावठी कोंबडा शिजवताना: आच मंद, वेळ भरपूर

आखाड लागला की आमच्याकडे गावठी कोंबडा मागणाऱ्यांचे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: "रानकोंबडा, तितर, लावा असं काही मिळेल का?" नाही मिळणार. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार या रानपक्ष्यांची शिकार आणि त्यांच्या मांसाची विक्री हा गुन्हा आहे. सह्याद्रीतला रानकोंबडा रानातच आरवावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. कोणी चोरून आणून देत असेल तरी घेऊ नका.

दुसरा प्रश्न: "तुमचा कोंबडा तास झाला तरी शिजत का नाही?" त्यासाठीच हे माहितीपत्रक.

ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत कापायला येतो. आमचा कोंबडा कित्येक महिने शेतात चरतो, उकरतो, पळतो. स्नायूंना बांधून ठेवणारा कोलॅजन हा चिवट पदार्थ त्याच्या तंगडीत जास्त असतो आणि वयाबरोबर पक्का होत जातो. पाण्यात, मंद आचेवर बराच वेळ राहिला की तो विरघळून त्याचं जिलेटिन होतं. मांस हाडापासून सुटतं आणि रश्शाला अंगचा दाटपणा येतो. आच मोठी ठेवली तर मांसाचे धागे आवळतात, आतलं पाणी निघून जातं आणि तुकडा रबरासारखा लागतो. चिवटपणा हा कोंबड्याचा दोष नाही, चव तिथेच असते. तिला फक्त वेळ द्यावा लागतो.

आम्ही लव जाळावर भाजून, हळद लावून देतो. धुवायचंच असेल तर पातेल्यात धुवा. नळाच्या धारेखाली धरलं की कच्च्या मांसाचे शिंतोडे ओटाभर उडतात.

जाड बुडाच्या पातेल्यात कांदा, आलं-लसूण परता. तंगडी, मान, पाठीचे तुकडे मीठ लावून टाका आणि अंगचं पाणी सुटेपर्यंत झाका. मग तुकडे बुडतील इतकं आधणाचं पाणी घाला, गार नको. वर ताट ठेवून त्यात पाणी ओता. आतली वाफ ताटाला लागून परत पातेल्यात पडते, आणि रस्सा आटलाच तर ताटातलं गरम पाणी हाताशी असतं. रटरटू देऊ नका, कडेने बुडबुडे येत राहतील एवढीच आच पुरे. छाती लवकर कोरडी पडते, म्हणून ते तुकडे शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासातच घाला.

तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, साधारण तासाभरात होते, वर्षाच्या कोंबड्याला दोन तास लागतात, जुन्याला त्याहून जास्त. घड्याळापेक्षा तंगडी बघा: मांस सांध्यापासून मागे सरलं आणि सुरी अलगद आत गेली की झालं.

आता लहानग्यांसाठी वाटीभर अळणी, म्हणजे बिनमसाल्याचा, रस्सा बाजूला काढा. मग भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस यांचं वाटण आणि तुमचा घरचा मसाला घालून आणखी पंधरा-वीस मिनिटं उकळा.

कुकर चालतो, पण पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. रस्सा मात्र पातेल्यातलाच सरस, हे आमचं ठाम मत.

गोठवलेला कोंबडा रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटा होऊ द्या, ओट्यावर नको. उरलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तो जेलीसारखा थलथलीत दिसला तर नासला समजून टाकू नका, ते जिलेटिन आहे. चांगली उकळी आणून वाढा.

ऑर्डर देताना किती माणसं जेवणार आणि शिजवायला किती वेळ आहे, एवढं सांगा. त्यावरून तलंग द्यायची की कोंबडा, ते आम्ही ठरवू.