फर्म रजिस्टर नाही म्हणून पैसे बुडाले, असं नाही भाऊ

आमच्या रावेर-सावद्याकडे केळीच्या धंद्यात वर्षानुवर्षं ऐकतोय, फर्म रजिस्टर नसली आणि पार्टनरने पैसे खाल्ले तर कोर्टात काहीच होत नाही. हे चुकीचंय, आणि यापायी चांगली कष्टाळू माणसं गप्प बसतात याचं फार वाईट वाटतं.

एकेकाळी ते खरं होतं. १९८४ मध्ये महाराष्ट्राने भागीदारी कायद्यात कलम ६९(२अ) घातलं आणि अशा पार्टनरला फर्म मोडून हिशोब मागायचा दावाही जवळपास बंद झाला, पण २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं, तरी जुनी गोष्ट अजून फिरतेच आहे. आता हिशोबाचा दावा टाकता येतो, फक्त फर्म मोडल्यापासून ३ वर्षांच्या आत. पार्टनरशिपच्या करारावरून टाकायचे बाकीचे दावे मात्र रजिस्ट्रेशनशिवाय अजूनही अडतात.

आणि फर्मच्या हिशोबाच्या वह्या बघायचा, नक्कल घ्यायचा हक्क कलम १२ प्रमाणे प्रत्येक पार्टनरला आहे, "वही माझ्याकडे असते" हे उत्तर चालत नाही. भांडायच्या आधी काट्याच्या पावत्या वहीशी लावून बघा, पावतीवर १६ टन आणि वहीत १४ दिसले की दोन्हीचे फोटो तारखेसकट काढून ठेवा आणि मग लेखी हिशोब मागा, तोंडी नको.