चर्मकाम, खान्देशातील

कमावलेल्या चामड्यापासून पादत्राणे, पट्टे, पिशव्या, जनावरांचा साज अशा वस्तू हाताने घडवण्याचा व दुरुस्त करण्याचा व्यवसाय. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत तो शेतीच्या आधाराने वाढला. खान्देशाला स्वतःच्या नावाची चप्पल नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या मानांकनातल्या जिल्ह्यांच्या यादीत खान्देशातला एकही जिल्हा नाही. इथला कारागीर गिऱ्हाईक सांगेल ते मापाने करून देणारा आणि तुटले की पुन्हा जोडून देणारा. हे त्याचे दुबळेपण मानले जाते. प्रत्यक्षात आज छोटा धंदा तगतो तो बहुधा याच सवयीवर.

पूर्वपीठिका : बलुतेदारीत चर्मकाराचे सर्वांत मोठे काम जोडे शिवणे हे नव्हते, मोट सांभाळणे हे होते. विहिरीतून पाणी उपसायची मोट चामड्याची असे. वरचे रुंद तोंड लोखंडी कड्याला बांधलेले आणि खाली निमुळती सोंड. तोंडाला जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर, असे दोन दोर. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, उतरू लागले की मोट भरून वर येई. सोंड थारोळ्यावर, म्हणजे पाणी पडायच्या कुंडावर, सरके आणि पाणी आपोआप ओतले जाई, माणसाला हात लावावा लागत नसे. सगळा भार शिवणीवर पडे. म्हणून ती दोऱ्याने नव्हे, चामड्याच्याच वादीने, म्हणजे अरुंद पट्टीने, शिवत. सतत ओले-कोरडे होऊन चामडे ताठरू नये यासाठी त्याला वरचेवर तेल पाजावे लागे. दर हंगामात ठिगळ, नवी सोंड, नवी वादी असे काही ना काही निघेच, आणि त्याचा मोबदला खळ्यावर ज्वारी-बाजरीच्या रूपाने मिळे. पांझरेकाठच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतात येई. तिथे मोटेची गरज नव्हती. बाकी बागायत मात्र मोटेवरच उभी होती.

आधी लोखंडी पत्र्याची मोट आली, मग ऑइल इंजिन, मग विजेचा पंप. मोटेबरोबर चर्मकाराचे बांधलेले उत्पन्न गेले. कातडी कमावण्याचे काम वेगळ्या समाजाकडे, म्हणजे ढोरांकडे असे, आणि मेलेली जनावरे ओढण्याचे काम महारांवर लादलेले होते. १९२७ च्या महाड परिषदेनंतर ही कामे सोडून देण्याची चळवळ उभी राहिली. ती न्याय्यच होती. या धंद्याचा इतिहास सांगताना कौशल्याचे गोडवे गायचे आणि त्यामागची सक्ती गाळायची, हे बरोबर नाही. परिणाम असा की गावची कातडी गावातच कमावली जाण्याची साखळी तुटली. बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडी मुरवणारी कुंडे गावाबाहेरून नाहीशी झाली. आता इथे लागणारे चामडे मुख्यतः धारावी, कानपूर, आग्रा किंवा चेन्नई इथून येते.

चामड्याची निवड : धंद्यात पैसा राहतो की जातो हे शिवताना नव्हे, चामडे विकत घेताना आणि कापताना ठरते. चामडे चौरस फुटावर विकले जाते, पण सगळा फूट सारख्या कामाचा नसतो. पाठीचा भाग घट्ट व एकसारखा. पट्टे, लगाम, चपलेचे तळ यांसाठी तोच. खांद्यावर सुरकुत्या असतात. पोटाचा भाग सैल असतो आणि ओढला की वाढतो. पट्टा नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापावा. आडवा किंवा पोटातून कापलेला पट्टा महिन्याभरात लांबतो, आणि गिऱ्हाईक नवे भोक पाडून मागायला येते.

म्हशीचे चामडे जाड, भरड दाण्याचे व मजबूत. तळ आणि साज यांना योग्य. शेळीचे पातळ पण चिवट. पाकिटे व अस्तरासाठी. मेंढीचे मऊ, मात्र ताण सोसत नाही. कमावण्याच्या पद्धतीनेही गुण बदलतात. सालीत कमावलेले चामडे ठसा धरते, ओले करून त्याला आकार देता येतो, त्याची कड घासून चकाकते आणि वापराने रंग गडद होतो. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेले मऊ असते, पाणी व उष्णता जास्त सोसते, पण त्यावर नक्षी उठत नाही. पट्ट्याला पहिले, बॅगेला दुसरे, असा ढोबळ नियम धरायला हरकत नाही.

जाडीचा अंदाज डोळ्यांवर सोडू नये. पाकिटाला १ ते १.२ मिलिमीटर, खांद्याच्या पिशवीला २ च्या आसपास, कमरेच्या पट्ट्याला ३.५ ते ४, चपलेच्या तळाला त्याहून जास्त. जाडी मोजायचे साधे मापक दुकानात सोबत न्यावे. रेग्झीन, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेले कापड, चामडे म्हणून खपवले जाते. कापलेली कड पाहिली की खाली कापडाची वीण दिसते. शंका राहिलीच तर बारीक चिंधी जाळून पाहावी. रेग्झीन वितळते आणि प्लास्टिकचा वास येतो, चामड्याला जळक्या केसांचा. क्रोमच्या चामड्याची राख हिरवट राखाडी पडते, सालीत कमावलेले काळे कोळसून राहते. सर्वांत फसवा माल म्हणजे चामड्याचा खालचा फाडलेला थर, ज्यावर वरून रंगाची साय चढवलेली असते. वाकवून पाहिल्यावर घडीत तडे गेले तर तो माल घेऊ नये, भाव कितीही उतरवला तरी.

हत्यारे : जुन्या कारागिराची हत्यारे पेटीत मावतील एवढीच असतात : रापी (रुंद पात्याची सुरी), आरी (भोक पाडायचा टोच्या), हातोडा, जंबूर (पकड), कात्री, लोखंडी ऐरण, घासायचा दगड आणि जोड्याला आकार देणारे लाकडी फर्मे. नव्याने सुरू करणाऱ्याने यादी याहून फार वाढवू नये. पोलादी पट्टी, काटकोन, शिवणीचे अंतर आखायला कंपास, वेगवेगळ्या मापांचे भोकाचे पंच आणि रिव्हेट बसवायचा ठसा एवढी भर पुरे. ऑनलाइन मिळणारे चाळीस-पन्नास नगांचे स्वस्त संच घेण्यात अर्थ नाही. त्यातले पोलाद धार धरत नाही. त्या पैशात एक चांगली रापी येते.

रापीने कापतातही आणि कड तासतातही. जिथे दोन जाड थर एकमेकांवर येतात तिथे आतली बाजू तासून पातळ केली नाही तर वस्तू ओबडधोबड दिसते. बोथट रापीला जोर लावावा लागतो आणि हात तिथेच कापतो. म्हणून धार दगडावर लावून नंतर चामड्याच्या पट्टीवर पाजळावी. कामाच्या मध्येही दोन-चार वेळा ती पट्टीवरून फिरवावी. आरीचे दोन प्रकार आहेत. गटई कामगाराच्या, म्हणजे जोडे शिवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्याच्या, आरीला टोकाशी खाच असते, ती पलीकडून दोरा ओढून आणते. दोन सुयांच्या शिवणीला लागते ती सरळ, चौकटी टोकाची.

ही दोन सुयांची शिवण हाताने करणाऱ्याची खरी कमाई आहे. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही जातात. एक टाका तुटला तरी उरलेली शिवण उसवत नाही. मशिनच्या शिवणीत एक दोरा तुटला की टाके सैल होत जातात. दोरा शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट घ्यावा, जाड चामड्याला थोडा अधिक. पूर्वी सुताला मेण लावत. ओल्या काळ्या मातीत सूत कुजते, म्हणून आता मेण लावलेला पॉलिएस्टर दोराच बरा. घरगुती शिलाई मशिनवर चामडे शिवण्याचा हट्ट करू नये. वरचा पायही चामड्याला पुढे सरकवतो अशी औद्योगिक मशिन घ्यावी, तीही दोन सुयांचे काम पुरे पडेनासे झाल्यावरच. कापडाची सुई चामड्यात अडते आणि टाके सोडते. चामड्याची सुई टोकाने कापत जाते.

हवामान : दूरच्या पुस्तकातल्या सूचना इथे जशाच्या तशा चालत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. डब्यातले चामडे चिकटवायचे सोल्यूशन घट्ट होते, लावलेले भराभर सुकते. दोन्ही बाजूंना लावून थोडे थांबून चिकटवायचे असते, ते थांबणे उन्हाळ्यात फार थोडे पुरते. सकाळी लवकर चिकटवायचे, दुपारी कापायचे-शिवायचे, असा क्रम लावून घेतला तर माल वाया जात नाही. पत्र्याच्या शेडखाली चामड्याची गुंडाळी ठेवली तर ते वाळून कडकते. पावसाळ्यात उलटे : बंद प्लास्टिकमध्ये ठेवलेल्या चामड्यावर बुरशी धरते. जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळून जमिनीपासून उंच ठेवावे. भिजलेला जोडा उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये, हे गिऱ्हाइकालाही सांगावे लागते. एरंडेलाचा हात हलका असावा. जास्त तेलाने पट्टा लिबलिबीत होतो.

गिऱ्हाईक : शेतकऱ्याच्या चपलेला बाभळीच्या काट्याला पुरून उरेल असा तळ लागतो. टायरचा तळ त्यासाठीच रूढ झाला आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. बैलाच्या साजाची मागणी वर्षभर तुरळक आणि श्रावण अमावास्येच्या पोळ्याआधी एकदम : घुंगरांचे पट्टे, तोंडाला बांधायच्या मोरक्या, चाबूक. नायलॉनने यातला बराच वाटा घेतला. तरी मानेला न काचणारा, आतून मऊ अस्तर लावलेला रुंद पट्टा मागणारे शेतकरी आहेत, आणि ते भाव करतात तो बैलाच्या किमतीकडे पाहून.

घोड्याच्या साजाचे मोठे ठिकाण सारंगखेडा. शहादा तालुक्यात तापीकाठच्या या गावी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा प्रसिद्ध बाजार. खोगीर, लगाम, तंग (पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा), रिकिबीचे (पाय ठेवायच्या कड्यांचे) पट्टे यांना तिथे जाणकार गिऱ्हाईक मिळते. स्थानिक कारागिराने संपूर्ण खोगिराच्या मागे लागू नये. त्यात कानपूरच्या मालाशी स्पर्धा आहे. पट्टे, शिवणीची दुरुस्ती आणि जनावर पाहून मापाने साज करून देणे, यात त्याला कोणी हरवत नाही. तंगाचा पट्टा तुटला तर स्वार पडतो, म्हणून ही कामे उरल्यासुरल्या चामड्यात कधीही करू नयेत.

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत होळीच्या दिवसांत, भोंगऱ्या बाजारापासून ढोल वाजू लागतात. ढोलाचे कातडे कमावलेले नसते. कच्चे, केस काढून ताणलेले असते. ते काम करणारे हात वेगळे आणि शास्त्रही वेगळे, एवढे नोंदवले म्हणजे पुरे.

शहरांत मागणी पट्टा, पाकीट, लॅपटॉपची बॅग, गाडीच्या किल्लीचा अडकवणा यांची. किल्लीचे अडकवणे उरलेल्या तुकड्यांतून होतात, म्हणून ते आधी करू नयेत. तुकडे साठले की करावेत.

हिशेब : भाव शेजारच्या दुकानात पाहून ठरवण्याची सवय फार जणांना बुडवते. समजा एका पिशवीला ६ चौरस फूट चामडे लागते. कापताना चौथा हिस्सा वाया जातो असे धरले तर ८ फूट विकत घ्यावे लागेल. १२० रुपये फुटाने ९६० रुपये. बकल, चेन, रिव्हेट १५०. अस्तर, दोरा, सोल्यूशन ९०. एकूण माल १,२०० रुपयांचा. सात तासांची मजुरी ८० रुपये ताशी, म्हणजे ५६०. एकंदर १,७६० झाले. त्यावर जागाभाडे, वीज, हत्यारांची झीज आणि नफा मिळून २५ टक्के धरले तर किंमत २,२०० रुपये. आता दुकानदार विक्रीवर ३० टक्के मागतो. इथे पुष्कळ जण २,२०० वर ३० टक्के चढवून २,८६० सांगतात आणि हातात २,००२ रुपयेच येतात. २,२०० हवे असतील तर किंमत ३,१४३ च्या घरात जावी लागते. एवढ्याला खपत नसेल तर दुकान सोडून थेट विकावे किंवा पिशवी लहान करावी. मजुरी कापून भाव बसवू नये.

मापाच्या कामाला निम्मा विसार आधी घ्यावा, निदान चामड्याचे पैसे तरी. कापूस विकला की देतो, ही खान्देशातली उधारी खोटी नसते, पण ती दिवाळीनंतर फिटते आणि चामड्याचा व्यापारी तोवर थांबत नाही. दुरुस्तीची कामे रोख ठेवावीत. त्यातली रक्कम लहान असली तरी रोजचा खर्च तिच्यावरच निघतो, आणि दुरुस्तीला आलेला माणूस पुढे नवी वस्तू सांगतो.

योजना व कायदा : राज्यात संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ कर्ज व प्रशिक्षणाच्या योजना राबवते. रस्त्याकडेला बसणाऱ्या गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची समाजकल्याण खात्याची योजना आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत चर्मकाराचा समावेश आहे. तिच्यात थोडक्या दिवसांच्या प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. लहान उद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम नोंदणीला शुल्क नाही. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाण्याचे कारण नाही.

२०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैस तिच्यात येत नाही. त्यामुळे चामडे विनाबिल घेऊ नये, आणि बिलावर म्हैस, शेळी, मेंढी जे असेल ते स्पष्ट लिहून घ्यावे. वाटेत गाडी अडवली तर तोच कागद कामी येतो. घोरपडीचे कातडे दिमडीसारख्या वाद्यांना पूर्वी लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते बाळगणे गुन्हा आहे. जुने वाद्य दुरुस्तीला आले तर शेळीचे कातडे किंवा फायबरचे पान बसवून द्यावे.