समुद्रतळाची साक्ष

१९१२ च्या नोव्हेंबरमध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फात ब्रिटिश शोधप्रवासी कॅप्टन स्कॉट आणि त्याच्या दोन साथीदारांचे मृतदेह सापडले. भुकेने आणि थंडीने जीव जात असतानाही त्यांनी सुमारे सोळा किलो दगड टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. हीच पानं भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतल्या खडकांतही मिळतात. मधले महासागर ओलांडून ही झाडं सगळीकडे पोचली कशी?

त्याच वर्षी आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने उत्तर मांडलं होतं: झाडं कुठे गेली नाहीत, एकत्र असलेली भूखंडंच दूर सरकली. जीवाश्म, खडकांचे थर, प्राचीन हिमनद्यांनी खडकांवर पाडलेले ओरखडे, सगळं त्याच्या बाजूने होतं. पण एवढी भूखंडं ढकलतं कोण, हे त्याला पटण्याजोगं सांगता आलं नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत तो वारला, तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञ त्याच्या विरोधातच होते.

निकाल लागला तो समुद्राच्या तळाशी. १९५० च्या दशकात मेरी थार्प ही अमेरिकी भूशास्त्रज्ञ जहाजांनी ध्वनिलहरींनी मोजलेल्या खोलीच्या आकड्यांवरून अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढत होती. मध्यावरच्या पर्वतरांगेच्या माथ्यावरून एक खोल दरी गेलेली तिला दिसली. तिच्या सहकाऱ्याने आधी ते उडवून लावलं. मग भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडली, तर ती नेमकी त्या दरीवर आली. म्हणजे समुद्राचा तळ तिथेच फाटत होता.

त्यानंतर आला तो मला सर्वांत देखणा वाटणारा पुरावा. लाव्हा थंड होताना त्यातली लोहखनिजं त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून गोठतात. पृथ्वीचं हे क्षेत्र अधूनमधून उलटतं. शेवटचं उलटलं सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. दरीतून वर आलेला लाव्हा दोन्ही बाजूंना सरकत असेल, तर सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे दरीच्या दुतर्फा सारख्याच क्रमाने दिसायला हवेत. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये हा तर्क मांडला, आणि पुढच्या मोजण्यांत पट्टे खरंच तसे निघाले, आरशातल्या प्रतिबिंबासारखे! १९६८ च्या अखेरीस ग्लोमार चॅलेंजर जहाजाने दक्षिण अटलांटिकचा तळ ठिकठिकाणी खोदला, तेव्हा रांगेपासून जितकं दूर जावं तितका तळ जुना निघाला.

आता उपग्रहांच्या मदतीने ही चाल थेट मोजता येते. अटलांटिक वर्षाला दोन-तीन सेंटीमीटरने रुंदावतो आहे.

मग पृथ्वी फुगत का नाही? भूखंडांवर ४०० कोटी वर्षांचे खडक आहेत, महासागरांचा तळ मात्र जवळजवळ कुठेच २० कोटी वर्षांहून जुना नाही. जुना तळ खोल सागरी गर्तांपाशी शेजारच्या भूपट्टाखाली, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या दुसऱ्या सरकत्या तुकड्याखाली, शिरतो. जपानसारख्या ठिकाणी भूकंपांची केंद्रं गर्तेपासून जमिनीकडे जावं तशी खोल होत जातात, आणि जगात काही ठिकाणी ती जवळपास ७०० किलोमीटरपर्यंत पोचतात. खाली जाणाऱ्या तळाची वाट त्या तिरक्या रेषेवरून दिसते.